'विसंगत' मूलद्रव्ये आणि युरोपियमची 'विसंगती'

शब्दवेल्हाळ: एका लेखाच्या अनुवादात अडकलेय. खडक वितळून झालेला रस निवताना स्फटिक धरू लागतात. रुबिडियम, बेरियम, थोरियम अशी लेश (अगदी अल्प प्रमाणात असणारी) मूलद्रव्ये त्या स्फटिकांत सहसा मावत नाहीत, उरलेल्या रसात साचत जातात. या 'इन्कम्पॅटिबल' मंडळींना मी 'विसंगत मूलद्रव्ये' केलं. पुढे 'युरोपियम अनॉमली' आली (युरोपियम त्याच्या गटातल्या शेजाऱ्यांच्या मानाने जास्त किंवा कमी भरणं), तिची झाली 'युरोपियमची विसंगती'. मसुदा वाचून मैत्रीण म्हणाली, "म्हणजे युरोपियम विसंगत!" आता काय सांगू? प्लेजिओक्लेज या कॅल्शियम असलेल्या खनिजात ते त्याच्या गटातल्या बाकीच्या मूलद्रव्यांपेक्षा, म्हणजे विरल मृदांपेक्षा, सहज शिरतं, म्हणून तर ती अनॉमली.

कोशकीटक: विसंगत बरोबरच आहे. स्फटिकाची संगत न धरणारे ते विसंगत. अनॉमलीला दुसरा शब्द शोधा.

खडकफोड्या: व्युत्पत्ती सुंदर, पण 'विसंगत विधान' वाचताना कोणाच्या मनात संगत येते? अनॉमलीचं म्हणाल तर आम्ही आलेख बघून सरळ 'युरोपियमचा खड्डा' म्हणायचो. द्विभारित युरोपियम कॅल्शियमची जागा घेतं. चंद्राच्या उजळ भागातल्या अ‍ॅनॉर्थोसाइटमध्ये, म्हणजे बहुतांश प्लेजिओक्लेजच्याच खडकात, त्याचा उंचवटा दिसतो, काळ्या बेसाल्टमध्ये खड्डा.

कोशकीटक: छापील लेखात खड्डा?

लिंबूटिंबू: 'रसप्रिय' आणि 'स्फटिकप्रिय' करा की! कानालाही गोड.

खडकफोड्या: गोड आहे, पण कोणता स्फटिक? खनिजांतच बघा: यटर्बियम ऑलिव्हिनला नको, गार्नेटला हवं. निकेलची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम, मॅग्नेशियमची ०.७२, भारही तोच. म्हणून ऑलिव्हिनमध्ये ते बिनतक्रार बसतं. हा स्वभाव एकट्या मूलद्रव्याचा नाही, जोडीचा. 'प्रिय' म्हटलं की ते जन्मजात वाटतं.

शब्दवेल्हाळ: मग 'सामावणारी' आणि 'न सामावणारी'? जरा लांबतंय. 'पार्टिशन कोइफिशंट'चंही सांगा. यंत्राने 'फाळणी गुणांक' दिलाय.

लिंबूटिंबू: 😂 निर्वासित मूलद्रव्ये!

कोशकीटक: विभाजन गुणांक. यात चर्चा कसली?

खडकफोड्या: विभाजनात एकाचे तुकडे होतात. इथे दोघांत वाटा पडतो: स्फटिकातलं प्रमाण भागिले रसातलं. १ च्या वर गेलं तर स्फटिकाची सरशी. मी 'वाटणी गुणांक' म्हणेन.

कोशकीटक: वाटणी भावाभावांत होते. आणि 'रस' काय लावलंय मघापासून? 'शिलारस' हा रुळलेला शब्द आहे.

खडकफोड्या: शिलारस म्हणजे मॅग्मा. त्यात तरंगणारे स्फटिक आणि बुडबुडेही आले. वाटणी होते ती स्फटिक आणि निव्वळ द्रव यांच्यात. शिलारस लिहिलंत तर एक वाटेकरी दोन्हीकडे मोजला जाईल.

कोशकीटक: मग 'वितळ' म्हणा.

लिंबूटिंबू: 'वितळ' ऐकून मला तूप आठवतं.

कोशकीटक: तुम्हाला काहीही आठवतं. वितळणे यावरून वितळ, जसं उकळणे यावरून उकळ.

खडकफोड्या: 'उकळी' म्हणतात हो. त्या चालीने 'वितळी' होईल.

शब्दवेल्हाळ: मी अजून 'विसंगत'पाशीच उभी आहे. मसुदा उद्या द्यायचाय. तूर्त 'इन्कम्पॅटिबल' तसंच ठेवतेय.

कोशकीटक: निषेध. आणि 'उकळ' मी स्वतः ऐकलाय.