बंदूक सोपी करा म्हणे! (पैलवान_८२ यांना उत्तर)

रंकाळाकाठ:
काल पैलवान_८२ यांनी लिहिलं, गुंड कट्टे घेऊन फिरतात आणि सरळ माणूस लायसनसाठी हेलपाटे घालतो. तेव्हा अमेरिकेसारखी दुकानातून पिस्तुलं मिळू देत, गुन्हे आपोआप थंड पडतील. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन ओळीत उत्तर देणार होते, पण डोकं फिरलंय.

टेक्सासमधलं उवाल्डे, मे २०२२. पोराला अठरा पूर्ण झाली आणि आठवड्याभरात त्यानं दुकानातून रीतसर रायफली घेतल्या. शाळेत शिरून १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या. तिथं एकूण ३७६ हत्यारबंद पोलीस-अधिकारी जमले होते, तरी त्याच्यापर्यंत पोचायला तासाहून जास्त वेळ गेला. त्यांना जमलं नाही ते पैलवानांना गुजरीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजाराच्या, गर्दीत जमणार?

आणि लांब कशाला जाता. मावसभावाची वरात. मामांनी (माझेच की हो) लायसनचं रिव्हॉल्व्हर काढून डॉल्बीच्या तालावर वर धरलं. हात खाली येताना गोळी सुटली, हलगीवाल्याच्या पोटरीतून आरपार. हलगी थांबली, डॉल्बी चालूच, त्यामुळं माणूस खाली बसलाय हेच बराच वेळ कुणाला कळेना. तक्रार नाही. "घरातलंच कार्य हाय" म्हणून पाकीट देऊन मिटवलं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत अशा हौसेच्या गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मामा पुढच्या लग्नातही वरातीत पुढंच होते.

पैलवान_८२:
ताई, वरातीत उडवणारा येडा, आणि शिक्षा आम्हाला? हुपरीतनं गुजरीला चांदी नेतो मी, मोपेडवर. अर्ज केला, जबाब झाले, शेजाऱ्यांना विचारून झालं, कलेक्टर ऑफिसच्या खेपा झाल्या. साहेब विचारतात, "आजवर हल्ला झालाय काय?" नाही म्हटलं तर "मग गरज काय?" म्हणजे आधी डोकं फोडून घ्यायचं, मग अर्ज करायचा. २०१९ ला ३ बंदुकांची मर्यादा २ वर आणली ती कुणासाठी? लायसनवाल्यांसाठीच. कट्टेवाला कुठं रजिस्टरात सही करतो? कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांवर इथंच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या ते काय लायसन काढून आले होते?

रंकाळाकाठ:
अण्णांचं नाव तुमच्या बाजूनं घेऊ नका. १६ फेब्रुवारी २०१५, सकाळी बायकोबरोबर फिरून घरी येणारा ८१ वर्षांचा माणूस. खिशात पिस्तूल असतं तर वाचले असते, असं म्हणायचंय? कट्टे येतात कुठनं, पुरवतो कोण, ते शोधायला पोलिसांच्या मागं लागा. दुकानं उघडून काय होणार?

पैलवान_८२:
फ्लॅटमधे बसून शहाणपण सोपं असतं.

ठासणीवाला:
तुमचं पिस्तुलाचं चालू द्या. माझी ठासणीची बंदूक हाय, नळीत दारू ठासून उडवायची, पीक संरक्षणाची, आज्यापासनं आलेली. २०२४ ला दोनदा जमा केली. लोकसभेला मार्चात ठाण्यात दिली, जूनात आणली. परत ऑक्टोबरात विधानसभेची नोटीस. राधानगरीकडं त्या टायमाला भात कापणीला आलेलं असतंय. डुकरांना आचारसंहिता लागत न्हाई. एका रात्रीत बारा गुंठं लोळवलं. बायकोच्या जुन्या साड्या बांधल्या होत्या शेताभोवती, सकाळी एक हिरवी साडी वड्यात गावली. बंदूक परत मिळाली तवा नळीत बोट घातलं तर गंजानं लाल.

तांबडापांढरा:
पण डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागतेच ना? मग हवेतच उडवायची, तर फटाका लावा की.

ठासणीवाला:
फटाक्याला चार दिवस भितंय. पाचव्या दिवशी वात संपायची वाट बघत बांधावर हुबं ऱ्हातंय.

आजरेकर:
डुकरांचं काय घेऊन बसलाय. आमच्याकडं हत्ती येतोय. नारळाचं झाड मोडून माणसासारखा निवांत खात बसतोय. ठासणीनं त्याच्या अंगाला खाज पण सुटायची न्हाई.

शिरोळचा_ऊस:
बंदुका काढून घेतल्या की लोक डुकरांसाठी गावठी बॉम्ब टाकतात, ते कुणी बोलत नाही. मेव्हण्याची गाभण म्हैस बांधाला चरत होती, जबडा फुटला. तीन दिवस पाणीसुद्धा पिता येईना, मग मेली. आधी त्यावर कडक व्हा.

रंकाळाकाठ:
अहो, विषय बंदुकीच्या कायद्याचा आहे. डुकरांचा नाही.

ठासणीवाला:
तुमचा असंल. माझं भात हाय.

दुधाळीची_आई:
मला एवढंच सांगायचंय. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकहून नेमबाजीचं ब्राँझ आणलं तेव्हा सगळं कोल्हापूर नाचलं. आणि माझी पोरगी रायफलची केस घेऊन रिक्षात बसली, तर रिक्षावाला म्हणतो, "बाई, उतरा, झंझट नको." कायदा कडक करा म्हणणाऱ्यांनी रेंजवरच्या पोरांकडंही जरा बघावं. तेवढ्या शिस्तीत कुणी जेवतसुद्धा नाही.

तांबडापांढरा:
म्हणजे नेमबाज चांगले, शेतकरी चांगले, चांदीवाले चांगले. वाईट फक्त ताईंचे मामा.

रंकाळाकाठ:
हसा. ठासणीवाले, पीक उभं असताना तुमची बंदूक जमा करून घेऊ नये, हे मान्य. लेखी पाहिजे तर देते. नेमबाजांचंही मान्य. पैलवान, तुमचं नाही. मोपेडवर एका हातात हँडल, एका हातात पिस्तूल, आणि मागं शाळेची रिक्षा. विचार करा जरा.

पैलवान_८२:
वा. डुकरापासनं भात वाचवायचा हक्क, चोरापासनं जीव वाचवायचा नाही. उपकार झाले. मामांचं लायसन काढून घ्यायचं असेल तर तेवढ्यापुरती माझी सही घ्या. आणि ते रिव्हॉल्व्हर रिकामं होतंय तर माझा नंबर लावा.

रंकाळाकाठ:
मामांना विचारते. लग्नसराई संपू दे.