उंची कमी असेल तर टूरिंग सायकलची टेस्ट राइड कशी जमवायची?

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझी उंची 152 सेंमी. सध्या साधी हायब्रिड चालवते, पण आता मागे पॅनियर (कॅरियरच्या बाजूला लटकवायच्या बॅगा) लावून आठ-दहा दिवसांच्या लांबच्या राइड करायच्यात म्हणून खास टूरिंगची सायकल घ्यायचीये. अडचण एकच, माझ्या मापाची सायकल चालवून बघायला मिळतच नाही. जिथे विचारलं तिथे मिडियम नाहीतर लार्ज. एका दुकानात मिडियमवर बसवलं, सीट पार खाली केली तरी उभं राहिलं की दांडा टेकतोय, हँडल इतकं लांब की दहा मिनिटांत मान-खांदे भरून आले, आणि वर म्हणे "स्टेम आखूड टाकून देतो, होईल सवय" (स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा). खरंच होते का सवय? न चालवता छोटी फ्रेम मागवायचा धीर होत नाहीये.

प्रतिसाद:
नाही होत. कृपया ती मिडियम घेऊ नका. मी 155 सेंमी, हेच करून बसले होते. 110 मिमीचा स्टेम काढून 60 चा टाकला, हँडल पाच सेंमी जवळ आलं, पण दांडा तेवढाच उंच आणि क्रँक (ज्याला पायडल जोडतात तो) तेवढाच लांब राहिला. दोन वर्षं तळहाताला मुंग्या यायच्या. शेवटी विकली.

प्रतिसाद:
ताई, आधी चाकाचा आकार बघा, छोट्या फ्रेमचं निम्मं दुखणं तिथेच असतं. 700सी चाकाच्या रिमचं माप 622 मिमी, 650बी चं 584 आणि 26 इंचीचं 559. छोट्या फ्रेममध्ये 700सी कोंबलं की वळताना पुढचं चाक बुटाच्या टोकाला लागतं, ते टाळायला कंपन्या पुढचा भाग आणखी पुढे ढकलतात, म्हणजे नाव "स्मॉल" आणि हँडल परत लांबच. सर्ली कंपनीच्या डिस्क ट्रकर या टूरिंग सायकलच्या लहान साइझना 26 इंची चाकं आहेत, 42 सेंमीची फ्रेमसुद्धा येते. त्यांचाच जुना लाँग हॉल ट्रकर आता बनत नाही पण सेकंडहँड मिळाला तर जरूर बघा. जॉर्जिना टेरी यांनी तर 1985 मध्ये बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनीच काढली, त्यांच्या बऱ्याच छोट्या फ्रेमना मागे 700सी आणि पुढे 24 इंची चाक असायचं, हाच प्रश्न सोडवायला. 20 इंची चाकांची लाज वाटत नसेल तर बाइक फ्रायडे कंपनीच्या घडीच्या सायकलींवर पण लोक भरपूर टूर करतात.

प्रतिसाद:
मॉडेलच्या मागे धावू नका, मापाच्या मागे धावा. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, जाडसं पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर ओढून जमिनीपासून मोजायचं, हा तुमचा इनसीम. दांडा त्याच्यापेक्षा निदान दोन-तीन सेंमी खाली हवा. मग हव्या त्या सायकलच्या चार्टवरचा स्टॅक आणि रीच (पायडलच्या मधल्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची आणि आडवी लांबी) घ्या आणि त्याच्या जवळपास मापं असलेली कुठलीही सायकल चालवून बघा, ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची) असो, कुणाची जुनी असो. बसणं कसं वाटेल ते त्यावर कळतं. नुसत्या टॉप ट्यूबच्या (वरच्या दांड्याच्या लांबीच्या) आकड्यावर जाऊ नका. सीट ट्यूब (सीटखालची नळी) जास्त उभी केली की तो आकडा कागदावर आखूड दिसतो, पण तुम्ही सीट मागे घेणारच आणि लांबी परत येते. एका अंशाला साधारण सेंमीभर.

आणि रिकामी सायकल चालवून काही कळत नाही. पॅनियरमध्ये आठ-दहा किलो भरा, टाच बॅगेला लागते का बघा, हळू वेगात एक हात सोडून बघा. पायडल आडवं करून हँडल वळवा, चाक आणि बूट यांच्यात बोटभर जागा हवी, तीही मडगार्ड लावलेलं असताना. हे मडगार्डचं सगळे विसरतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप खूप आभार. इनसीम 69 आला. ओळखीतून एका काकूंची जुनी 26 इंची टूरिंग चालवून बघायला मिळाली, त्यांची उंची जवळपास माझ्याएवढीच, आणि त्यांनी पॅनियरसकट दिली. दीड तास चालवली. उतरताना दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले, बूट कुठे लागला नाही. सगळ्यात मोठा फरक ब्रेकचा, काकूंनी लिव्हरचा बारीक स्क्रू फिरवून तो हँडलच्या जवळ आणलाय, त्यामुळे उतारावर दोन बोटांत ब्रेक लागत होता, आधी मला पूर्ण पंजा ताणावा लागायचा. मान अजिबात दुखली नाही. एकच, चढावर गुडघे फार वर येतायत असं वाटलं. क्रँक 170 मिमीचा आहे.

प्रतिसाद:
मग तेच कारण. नव्या सायकलला 160 चा किंवा मिळाला तर 155 चा मागा. क्रँक 10 मिमी आखूड केला की सीट 10 मिमी वर घ्यायची, म्हणजे वरच्या टोकाला गुडघ्याला 20 मिमी जागा मिळते. ऑर्डर देतानाच सांगा, नंतर बदलणं महागात पडतं. आणि काकूंच्या सायकलची सीट ते हँडल, सीट ते पायडल ही मापं टेपने घेऊन ठेवा, सायकल परत करायच्या आधी.