ई. कोलायवर झोनच येत नाही

प्रश्न: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी दारूहळदीच्या मुळांचा मिथेनॉल अर्क काढलाय. आगरमध्ये (जंतू वाढवायचा जेलीसारखा थर) पाडलेल्या विहिरीत तो घातला, तर स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूवर स्वच्छ झोन (विहिरीभोवती वाढ थांबलेलं वर्तुळ) दिसतो, ई. कोलाय या जंतूची मात्र विहिरीच्या कडेपर्यंत दाट वाढ. अर्क वाया गेला का?

उत्तर १: अजिबात नाही! ई. कोलाय ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून आणखी एक पटल असलेला जंतू. ते बाहेरचं पटल आणि आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप, दोन्ही आडवे येतात. स्टॅफिलोकोकसचा नॉरए नावाचा पंपही बर्बेरिन (दारूहळदीतलं जंतूंना मारक पिवळं द्रव्य) बाहेर काढतो. पण बर्बेरिसच्याच (दारूहळदीच्या कुळातल्या) काही जातींतलं ५′-मेथॉक्सीहिडनोकार्पिन हे द्रव्य तो पंप अडवतं, हे २००० साली दाखवलं गेलं. म्हणून शुद्ध बर्बेरिनच्या मागे लागून पूर्ण अर्क टाकून देऊ नका, कळकळीने सांगतो.

उत्तर २: नुसत्या द्रावकाची विहीर ठेवली होती ना? इनॉक्युलम (पसरलेलं जंतूंचं द्रावण) ०.५ मॅकफार्लंड इतकं गढूळ, आगर ४ मिमी जाड?

प्रश्नकर्ती: हो सर. मिथेनॉल उडवून अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला, नुसत्या डीएमएसओच्या विहिरीभोवती काही नाही.

उत्तर १: मग ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायचं पातळ द्रावण) एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारं कमीत कमी प्रमाण, काढा. अर्क गडद पिवळा, त्यात गढूळपणा नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही. रेझाझुरिन हा निळा रंग घाला, गुलाबी झालं की जंतू जिवंत. अर्काचा रंग मिसळून निळा हिरवट दिसेल, तेव्हा जंतू न घातलेली अर्काची विहीर शेजारी हवीच.