मांगे भाषा : मृत, लुप्त की नामशेष?

प्रश्न : मध्य अमेरिकेतील भाषांवर टिपण लिहिताना दोन शंका आल्या. भाषाकुळाचे नाव ‘ओटो-मँग्यूअन’ लिहावे की ‘ओतो-मांगे’? आणि निकाराग्वातील मांगे भाषा आज कोणीच बोलत नाही, तेव्हा तिला मृत म्हणावे, लुप्त म्हणावे की नामशेष?

उत्तर : ‘मांगे’ हे नाव स्पॅनिशमध्ये Mangue असे लिहितात; त्या भाषेत ‘ग’ आणि ‘ए’ यांच्यामध्ये लिहिलेल्या ‘उ’चा उच्चार होत नाही, त्यामुळे ‘ओतो-मांगे’ हेच योग्य.

‘मृत’ हे विशेषण आपण लॅटिनला लावतो, पण तिच्यामागे अफाट ग्रंथसंपदा आहे. मांगेची स्थिती तशी नाही. हुआन एलिहियो दे ला रोचा यांनी १८४२ मध्ये निकाराग्वातील मासाया येथे केलेली टिपणे, भाषा-अभ्यासक बेरेंट यांनी १८७४ मध्ये जमवलेले शब्द आणि या सामग्रीवरून अमेरिकन अभ्यासक ब्रिंटन यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख, एवढ्यावरच आपली बरीचशी माहिती उभी आहे. त्यात ‘निंबु’ म्हणजे पाणी (आपल्या लिंबाशी त्याचा काहीही संबंध नाही), ‘नांबी’ म्हणजे कुत्रा, ‘दिरी’ म्हणजे टेकडी असे शब्द भेटतात. हा ‘दिरी’ निकाराग्वातील निंदिरी या गावाच्या नावात अजूनही ऐकू येतो, आणि ज्या कुळात ओतोमी, झापोतेक, मिश्तेक यांसारख्या जिवंत भाषा आहेत, त्या कुळाच्या नावाचा उत्तरार्ध या न उरलेल्या भाषेचा आहे. म्हणून ‘ज्याचे केवळ नाव शेष राहिले ते’ या व्युत्पत्तीला धरून ‘नामशेष’ हा शब्द मला इथे सर्वांत नेमका वाटतो.

प्रतिप्रश्न : मग मेक्सिकोतील चियापास प्रांतात पूर्वी बोलली जाणारी, मांगेची सख्खी बहीण असलेली चियापानेक? तीही आता कोणी बोलत नाही.

उत्तर : तिच्यासाठी मात्र मी ‘लुप्त’ म्हणेन. आल्बोर्नोस यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेले तिचे व्याकरण, बार्रिएंतोस यांच्या ख्रिस्ती धर्मोपदेशासह १८७५ मध्ये पॅरिसला छापले गेले, त्यामुळे तिची वाक्यरचना आजही अभ्यासता येते. पाणिनीने ‘अदर्शनं लोपः’ (न दिसणे म्हणजे लोप) अशी व्याख्या केली आणि प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य होत राहते असेही सांगितले. ज्या भाषेचा आवाज गेला पण व्याकरण हाती राहिले, तिला हा शब्द शोभतो. सुटे शब्द आणि गावांची नावे एवढेच जिचे उरले, त्या मांगेला तो लावू नये.