क्रिकेटचा कोणता नियम, कोणता कारभार तुम्हाला अन्यायाचा वाटला? स्वतः पाहिलेलं सांगा

धरमपेठकर (धागा काढणारी)

विदर्भ-केरळ रणजी फायनलवरून घरी, ऑफिसात, नातेवाइकांच्या ग्रुपवर इतके वाद झाले की म्हटलं एकदा सगळ्यांचं ऐकूनच घेऊ. टीव्हीवर कोण काय म्हणालं ते नको, तुम्ही मैदानात उभं राहून किंवा स्टँडमध्ये बसून जे पाहिलं ते लिहा.

सुरुवात मीच करते. शेवटच्या दिवशी मी नागपूरच्या जामठा स्टेडियमवर होते. दुसऱ्या डावात आपल्या विदर्भाचे ९ बाद ३७५ झाले, मॅच ड्रॉ, आणि ट्रॉफी आपली, कारण ड्रॉ झाली की पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो, आणि पहिल्या डावात आपले ३७९ आणि त्यांचे ३४२. ओरडून घसा बसला माझा. सोबत ऑफिसमधली केरळची मैत्रीण होती, ती शांतपणे म्हणाली, पण आम्ही हरलो कुठे? मग तिनेच सांगितलं की आम्ही इथवर आलो तेही याच नियमावर, क्वार्टर फायनलला जम्मू-काश्मीरवर १ रनची आघाडी आणि सेमीला गुजरातवर २ रनची, ४५७ ला ४५५. त्या सेमीत गुजरातची शेवटची विकेट आठवत असेल, बॅट्समनने मारलेला बॉल जवळच उभ्या शॉर्ट लेगच्या फील्डरच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये कॅच झाला. २०१७ च्या आधी हे आऊटच नव्हतं, नियम बदलला म्हणून केरळ फायनलला आलं.

टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल ड्रॉ झाली तर दोघांना विजेतेपद वाटून देतात. रणजीत तसं करा असं मी म्हणणार नाही, पण फायनलला सहावा दिवस राखून ठेवायला काय हरकत आहे? आघाडी मिळाली की पुढे नुसती बॅटिंग करत राहायचं, यात पाहणाऱ्याचंही समाधान होत नाही.

रेशीमबाग अंपायर

मी स्थानिक मॅचेसना अंपायरिंग करतो. रेशीमबागेत एका मॅचला शेवटच्या ओव्हरला १० रन हवे होते, नॉन-स्ट्रायकर (बॉलरच्या बाजूचा बॅट्समन) प्रत्येक बॉलला, बॉल सुटायच्या आधीच, क्रीझच्या दोन पावलं पुढे. बॉलर सतरा वर्षांचा पोरगा, त्याने चौथ्या बॉलला हात न फिरवता बेल्स उडवल्या आणि अपील केलं. मी बोट वर केलं. त्यानंतर जे झालं ते काय सांगू, मैदानाबाहेरून मोठी मोठी माणसं त्या पोराला चीटर म्हणत होती, खेळभावना राहिली नाही म्हणत होती, पोरगं रडायला आलं.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून हा रनआऊट कायद्याच्या ३८व्या कलमात आहे, म्हणजे सरळ रनआऊट. आधी तो ४१व्या, अनफेअर प्लेच्या कलमात होता, म्हणून लोकांना वाटायचं की बॉलरच काहीतरी अनफेअर करतोय. वॉर्निंग द्यायची सक्ती कायद्यात नाही. दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर चार्ली डीनला आऊट केलं तेव्हा अख्खं इंग्लंड चिडलं होतं, आणि १९४७ मध्ये सिडनीत विनू मांकडांनी बिल ब्राऊनला आऊट केल्यापासून 'मांकडिंग' म्हणून आपल्याच माणसाचं नाव शिवीसारखं वापरलं जातंय, याचा मला मनापासून राग येतो. बॉलरचा पाय बोटभर पुढे पडला तर नो-बॉल आणि वर फ्री हिट, मग बॅट्समनने हातभर चोरी केली तर खेळभावना कशी काय आठवते? कॅप्टनला दया आलीच तर अंपायरच्या संमतीने अपील मागे घेता येतं, तेवढी मोकळीक कायद्याने दिलेली आहे, पण पोराला चीटर म्हणायचा हक्क कोणालाच दिलेला नाही.

सदरचा प्रेक्षक

पिचचं बोला ना कोणी. २०१५ ची साऊथ आफ्रिका टेस्ट, जामठा, मी तिन्ही दिवस गेलो अन् तिसऱ्या दिवशीच खेळ खल्लास. ते ७९ ला ऑलआऊट, अश्विनच्या १२ विकेट, अख्ख्या मॅचमध्ये कोणालेच पन्नास करता नाही आले. आयसीसीने, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेने, पिचले 'पुअर' म्हटलं. ठीक आहे, बॉल पहिल्या दिवसापासून वळत होता, मी नाही म्हणत नाही. पण २०२२ मध्ये ब्रिस्बेनची हिरवी पिच, मॅच दोन दिवसात संपली, तिले मात्र 'बिलो ॲव्हरेज', म्हणजे एक पायरी वर. काऊन? धूळ उडाली की खराब अन् गवतावर पोट्टे मार खाऊन राहिले की त्याले जरा बरं म्हणायचं? माप एकच ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

मनीषनगरचा बाबा

आमचं दुखणं वेगळं आहे. मुलगा अंडर-१६ च्या निवडीपर्यंत पोचला, मग वय तपासायला डाव्या मनगटाचा एक्स-रे, टीडब्ल्यू३ पद्धत म्हणतात. हाडाचं वय जन्मदाखल्यापेक्षा जास्त निघालं, बाद. दाखला हॉस्पिटलच्या नोंदीवरून काढलेला, एका दिवसाचाही फरक नाही, पण तो कोणी हातात घेऊन पाहिलाही नाही. काही मुलांची हाडं लवकर भरतात हे आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं. खोटे दाखले काढून खेळणारी मुलं मी स्वतः पाहिली आहेत म्हणून टेस्ट नको असं माझं अजिबात म्हणणं नाही, फक्त त्या वेळी दाद कुठे मागायची, दुसरी तपासणी होते का, हे सांगायलाही कोणी नव्हतं. पुढे त्याने खेळ सोडला.

जुना व्हीसीए ग्राउंडवाला

भाऊ, वाईट वाटलं वाचून. मला कारभाराबद्दल बोलायचंय. २०१६ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने बीसीसीआयच्या (भारतीय क्रिकेट बोर्डाच्या) सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीचं 'एक राज्य एक मत' मान्य केलं, म्हणजे बोर्डात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन संघटनांत मिळून एक मत, आळीपाळीने. त्याच काळात, १ जानेवारी २०१८ ला, आपण इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकलो! देशाचा चॅम्पियन आणि स्वतःचं कायमचं मत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कोर्टानेच ते परत दिलं. पण त्याच सुधारणांमुळे मणिपूर, मिझोराम, नागालँडची मुलं २०१८-१९ पासून रणजी खेळायला लागली, हेही चांगलंच झालं आणि ते मी कोणाशीही भांडून सांगेन.

आता आयसीसी. २०१४ मध्ये भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तीन बोर्डांनी पैसा आणि सत्ता आपल्याकडे घेतली, ती व्यवस्था मोडायला पुढाकार घेतला तो आयसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष, आपल्या नागपूरच्या शशांक मनोहरांनी, भारताचा वाटा कमी होत असतानाही. २०२४ ते २७ च्या वाटपात भारताचा वाटा पुन्हा वाढून ३८.५ टक्के. प्रसारणाचा पैसा इथूनच येतो, मान्य. पण २७ मार्च २०१६ ला मी जामठ्याला होतो, अफगाणिस्तानने वेस्ट इंडीजला ६ रननी हरवलं, आणि तेच वेस्ट इंडीज आठवड्याभरात टी-२० वर्ल्डकप जिंकलं. अफगाणिस्तान तेव्हा असोसिएट, म्हणजे आयसीसीचं पूर्ण सदस्य नसलेलं, होतं, आधी इथेच पात्रता फेरी खेळून वर आलेलं. पुढचे दोन्ही वनडे वर्ल्डकप फक्त १० टीमचे केले. अशा टीमना पैसाही नाही आणि मॅचेसही नाहीत, मग त्या वर कशा यायच्या?

वर्धा रोड ऑफस्पिनर

मी मुलींच्या टीममधून खेळले आहे. आपली मोना मेश्राम २०१७ च्या वर्ल्डकप टीममध्ये होती तेव्हा नेटमध्ये आम्ही सगळ्या जणी दुप्पट बॉलिंग करायचो. २०२२ ला भारताच्या मुलींना मुलांइतकीच मॅच फी जाहीर झाली, टेस्टला १५ लाख, खूप आनंद झाला. पण टेस्ट असतात किती? आणि आम्ही तर चार दिवसांची मॅच कधी खेळलोच नाही, वनडे आणि टी-२०, बस. २०२४ मध्ये पुण्यात झोनच्या टीमची तीन दिवसांची स्पर्धा झाली, पण झोनच्या टीममध्ये विदर्भाच्या किती मुली बसणार? ऑफस्पिनर दिवसभर बॉलिंग करून शिकते हो, चार ओव्हरमध्ये नुसता मार वाचवायला शिकते. राज्यांच्या पातळीवर मुलींना रणजीसारखी स्पर्धा द्या, पहिल्या डावाच्या आघाडीवर हरलो तरी चालेल आम्हाला.