दुसऱ्या मजल्यावर पाच फुटी फिश टँक: स्लॅबला झेपेल का?

ऑस्करवाला, डोंबिवली

माझं मत आधीच सांगतो. आरसीसी इमारतीत पाच फुटी टँक ठेवायला हरकत नसावी. आमची इमारत 1988 ची, मी दुसऱ्या मजल्यावर. माझे दोन ऑस्कर मासे आता चांगले वीतभर झालेत, तीन फुटी टँकमध्ये त्यांना धड वळता येत नाही. म्हणून 5 बाय 2 बाय 2 चा टँक करायला टाकलाय. खालच्या काकांना हे कळलं आणि त्यांनी सोसायटीकडे अर्ज दिला, की छत खाली येईल.

हिशोब मांडतो. टँक 20 घनफूट. वरचे दोन इंच रिकामे सोडले तर पाणी 520 लिटर, म्हणजे 520 किलो. 12 मिमीची काच शंभर किलो. अँगलचा स्टँड, वाळू, दगड मिळून 130. एकूण साडेसातशे. राहत्या खोल्यांसाठी आयएस 875 या भारतीय मानकात चौरस मीटरला 200 किलो धरतात, म्हणजे चौरस फुटाला 19 च्या आसपास. आमचा 10 बाय 14 चा हॉल त्या हिशोबाने 2,600 किलो पेलतो. गणपतीत आरतीला तीस माणसं उभी असतात, तीच दोन टनांच्या घरात जातात. मग टँकचंच भय का?

सळई-सिमेंट

दादा, बेरीज बरोबर आहे, भागाकार राहिला. 2,600 किलो हा आकडा वजन हॉलभर सारखं पसरलं तरचा. तुमचे 750 किलो 10 चौरस फुटांवर बसणार, फुटाला 75. धरलेल्या वजनाच्या चौपट. शिवाय त्या 2,600 मध्ये सोफा, कपाट, माणसं सगळी आली.

दुसरं, आरतीची माणसं अर्ध्या तासात घरी जातात. पाणी दहा वर्षं जागचं हलत नाही. कायमच्या वजनाखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहतं, हे मी साइटवर अठरा वर्षं बघतोय.

आणि एक विचारतो: मधल्या काळात जुनी फरशी न काढता वरून नवीन टाइल्स बसवल्यात का? दोन इंच माल आणि टाइल धरली तर चौरस मीटरला शंभराच्या वर किलो तिथेच चढतात. म्हणजे मूळच्या 200 पैकी निम्मे तुम्ही आधीच खाल्लेत.

ऑस्करवाला, डोंबिवली

हो. 2009 ला बसवल्यात, जुन्या मोझॅकवरच.

गोडंपाणी

इतकं घाबरवू नका हो त्यांना. वीस वर्षं टँक बनवतोय. प्रश्न किती किलो यापेक्षा कुठे ठेवणार, हा आहे. दहा फुटी स्लॅब. टँक मधोमध ठेवला तर स्लॅबला जेवढा वाक बसेल, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच लांब भिंतीला चिकटवून ठेवल्यावर बसतो. वजन सरळ बीमकडे जातं. अर्ध्या विटेची पाच फूट लांब, नऊ फूट उंच भिंत टनाच्या आसपास भरते. स्वयंपाकघर फिरवताना लोक अशी भिंत कुठेही उभी करतात, तेव्हा कुणी सोसायटीत अर्ज देत नाही.

फक्त बंद केलेल्या गॅलरीत ठेवू नका. बाहेर काढलेल्या स्लॅबचं मुख्य लोखंड वरच्या बाजूला असतं, आणि ओतकामाच्या वेळी कामगारांच्या पायाखाली ते दबून खाली गेलेलं असू शकतं. तिथे मी स्वतः टँक लावून देत नाही.

सळई-सिमेंट

भिंतीलगतचं पटलं. पण त्या भिंतीखाली बीम आहे याची खात्री कोण देणार? नंतर बांधलेल्या पार्टिशनला खाली बीम नसतो. मग ती टनभराची भिंत आणि टँक, दोन्ही त्याच स्लॅबवर. बीम वरून दिसत नाही, तो काकांच्या छताला दिसेल.

वाड्यातली

आमचं सदाशिव पेठेतलं घर लाकडी पाटणाचं. तीन फुटी टँक, सगळा मिळून दीडशे-पावणेदोनशे किलो, सात वर्षं ठेवला होता. वजनाने काही झालं नाही. पाणी बदलताना जे सांडायचं, ते फटीतून भिंतीत शिरलेल्या तुळईच्या डोक्यापर्यंत जात होतं. सुताराने पेचकस टेकवला तर दोन बोटं आत गेला. त्याच दिवशी टँक काढला. लाकडी मजल्यावर मोठा टँक नकोच, याबाबत माझं मत बदलणार नाही.

स्फटिक

बर्लिनच्या हॉटेलातला दहा लाख लिटरचा अ‍ॅक्वाडोम हा प्रचंड फिश टँक 16 डिसेंबर 2022 ला फुटला. एवढं मोठं काम तज्ज्ञांनी केलेलं असून ही गत, तर घरगुती टँकची हमी कशी देणार?

गोडंपाणी

तिथे टाकी फुटली, मजला नव्हे. दोन्ही गोष्टी एकत्र करू नका.

मधला मजला

मी त्या खालच्या काकांच्या जागी राहिलेली बाई आहे. वरच्यांचा टँक गळला आणि पहाटे तीनला आमच्या पंख्यातून पाणी टपकायला लागलं. गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं भिजलं. छत पडलं नाही, खरं आहे. पण आम्हाला कुणी आधी विचारलंही नव्हतं. त्या काकांच्या अर्जात मला हेच दिसतंय. दादा, तुमच्या हॉलची फरशी हे त्यांच्या डोक्यावरचं छत आहे. एकदा खाली जाऊन या.

आणि इमारत तीस वर्षांवरची आहे, महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, लागतं. तुमच्याकडे झालंय का?

ऑस्करवाला, डोंबिवली

ऑडिट झालेलं नाही. पण काल संध्याकाळी काकांकडे गेलो. काकूंनी चहा ठेवला. काकांनी खुर्ची दिली, मी वर चढून छोट्या हातोडीने छत ठोकत गेलो. लांब भिंतीखाली बीम आहे, स्वच्छ दिसतो. त्याच्या शेजारी दोन हात अंतरापर्यंत आवाज टणटणीत आला. पुढे एका जागी पोकळ, डबडब. तिथे गिलाव्याला फूटभर लांबीची तांबूस रेघ आहे, आमच्या टाइल्स बसवल्या त्यानंतर केव्हातरी दिसायला लागली, असं काका म्हणाले.

टँकवाल्याला महिनाभर थांबायला सांगितलंय. ऑडिटचा विषय रविवारच्या मीटिंगला काका आणि मी दोघं मिळून मांडतोय.

सळई-सिमेंट

ती तांबूस रेघ म्हणजे आतली सळई गंजतेय. टँक येवो न येवो, ती जागा उघडून बघाच. फोटो टाका.

गोडंपाणी

बीम आहे म्हणता, तर ऑडिटनंतर भिंतीलगत चालेल, यावर मी ठाम आहे. तोवर ऑस्करचं पाणी दर चार दिवसांनी तिसरा हिस्सा बदला आणि खाणं कमी करा.