मदत हवी आहे: मस्टँग 2005 ची की 2015 ची?

मंडळी, डेट्रॉइटजवळ राहतो. वापरलेली मस्टँग जीटी (फोर्डची स्पोर्ट्स कार) घ्यायची आहे आणि घरातच दोन तट पडलेत. माझा जीव 2005 च्या मॉडेलवर: गोल दिवे, पुढे झुकलेलं नाक, थेट साठच्या दशकातली मस्टँग. 4.6 लिटरचं व्ही-8 (आठ सिलिंडरचं) इंजिन, 300 हॉर्सपॉवर.

धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, ती नुसती जुन्याची नक्कल! 2015 ची घे." तिला 435 हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. 2005 ला अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली, खड्ड्यात शेपूट उडते म्हणे. पण 2015 चे ते बारीक डोळे मला काही रुचत नाहीत.

2005 ची एक पाहून आलो. मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आलेत. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने गाड्या गंजतात. गंज वरवरचाच आहे की आतून पोखरलंय, हे कसं ओळखायचं? दोन्ही चालवलेलं कुणी आहे का?